नवीन रॉड-रील घेऊन उजनीवर दोनदा फजिती. दोष दोरीचा, रीलचा की माझा?

धायरीचा टर्नर:

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी भोसरीत टूलरूमला आहे, वय 43. गळ टाकायला वडिलांनी शिकवलं, खडकवासल्याला. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी), मोराच्या पिसाचा बोया आणि कणकेत हिंग मळून केलेल्या गोळ्या. त्यावर पंचवीस वर्षं काढली. यंदा दिवाळीच्या बोनसमधून पहिल्यांदा रीतसर सेट घेतला. सात फुटी स्पिनिंग रॉड, मिडियम-हेवी, दोन तुकड्यांचा. रील 3000 साइझचं, खोक्यावर ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी ताणानं सोडणारा ब्रेक) 8 किलो लिहिलंय. 30 पौंडाची आठ पदरी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, 150 मीटर. आणि मरळीसाठी आमिष म्हणून चार रबरी बेडूक. (घरी फोनवर 'ब्रेड घेतलीय' म्हणालो होतो. बायकोनं संध्याकाळी पिशवीत हात घातला तर हातात दोन गळांचा बेडूक. पुढचं सांगत नाही.)

मामाचं गाव भिगवणच्या पुढं, उजनीच्या फुगवट्याला लागून. जानेवारीत पहिल्यांदा गेलो. पहाटे साडेचारला धायरी सोडली, उजाडता उजाडता काठावर. पाण्यावर धुकं, कडेला पाणगवत, गवतात मधूनमधून मोकळ्या खिडक्या. मरळ तिथंच असणार हे मलाही कळतं. पहिली फेक केली आणि मला माझंच कौतुक वाटलं. बांबूनं जन्मात जाणार नाही इतका लांब गेला बेडूक. दुसरी फेक त्याहून लांब. तिसऱ्या फेकीला 'चट्' आवाज आला आणि बेडूक दोरीशिवाय पुढं गेला. 280 रुपये तरंगताना दिसत होते, हात पोचत नव्हता. दुसरा बांधला, सात-आठ फेकींनी तोही तसाच गेला. मग दोरीत असा गुंता झाला की कात्रीच लागली.

फेब्रुवारीत परत गेलो. या वेळी हळू फेकत होतो. साडेसातच्या सुमाराला गवताच्या कडेला पाणी फुटल्यासारखा आवाज आला आणि बेडूक गायब. झटका दिला, रॉड वाकला, मासा लागला. आणि इथून पुढचं मला अजून कळलेलं नाही. मी हँडल फिरवतोय, रील फिरतंय, पण मासा येत नाही. उलट दोरी बाहेर जातेय. ड्रॅगचा नॉब पूर्ण आवळला, बोटं दुखेपर्यंत. तरी दोरी जातेय. मासा गवतात घुसला, मग दोरी सैल. बेडूक परत आला, एका बाजूनं चावलेला.

मामा शेजारी गोणपाट टाकून बसला होता. हातात नुसता तंगूस, टोकाला शिसं आणि गांडूळ. तोवर त्यानं तीन चिलाप्या काढल्या होत्या. बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुकानात रील घेऊन गेलो. 'पाण्यात बुडवलं असणार, ड्रॅगच्या चकत्या गेल्या, वॉरंटीत बसत नाही' असं ऐकून आलो. बुडवलेलं नाही. उघडून बघितलं, चकत्या कोरड्या ठणठणीत आहेत.

दोरी मायक्रोमीटरला लावली. पाकिटावर 0.23 मिमी, माझ्याकडं 0.30 च्या आसपास येते. विणलेली दोरी जबड्यात चपटी होते, त्यामुळं हे माप धरून चालत नाही हे मला माहीत आहे, पण पाकिटापेक्षा जाड आहे हे नक्की.

तर प्रश्न असा: दोरी नकली, रील खराब, की इतकी वर्षं बांबू धरलेला हात या सामानाला चालत नाही? मोकळेपणानं सांगा.

पवनाकाठी:

गाठ कोणती मारता ते लिहिलंच नाहीत. तंगुसाला मारतो ती पाच-सहा वेढ्यांची साधी गाठ ब्रेडला मारली असेल तर ती सरकणारच. ब्रेड गुळगुळीत असते, स्वतःवर पकड घेत नाही. पालोमार शिका, दहा मिनिटांचं काम आहे. दोरी दुहेरी करून बेडकाच्या कडीतून ओवायची, दुहेरीच साधी गाठ सैल मारायची, तयार झालेल्या फासातून अख्खा बेडूक काढायचा, थुंकी लावून ओढायची. मी ठाकुरसाईच्या बाजूला चार वर्षं हीच मारतोय.

आणि फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हँडल फिरवून पाडत असाल तर ती सवय सोडा. हातानं पाडा, दोरी एकदा बोटानं ताणून घ्या, मग फिरवा. तुमचा तो गुंता तिथूनच आला असणार. सैल वेढा स्पूलवर (दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीवर) बसतो, पुढच्या फेकीला तो दहा वेढे घेऊन उठतो.

रीलबद्दल मात्र, स्वस्तातलं घेतलंत की असंच होतं. सॉरी, पण आहे ते आहे.

जुना खडकवासला:

रीलवर एवढ्यात शिक्का मारू नका. टर्नरसाहेब, एकच प्रश्न. मासा दोरी ओढत होता तेव्हा रीलची टकटक ऐकू येत होती का?

धायरीचा टर्नर:

काका, नाही! आता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय. अजिबात आवाज नव्हता. घरी स्पूल हातानं फिरवला तर टकटक व्यवस्थित येते.

पवनाकाठी, गाठ तुम्ही म्हणता तीच, तंगुसाची. बेलही हँडलनंच पाडत होतो. दोन्ही गुन्हे कबूल.

जुना खडकवासला:

मग तुमचं रील निर्दोष आहे.

ड्रॅग सुटतो तेव्हा अख्खा स्पूल फिरतो आणि टकटक होते. आवाज न होता दोरी जातेय, याचा अर्थ स्पूल जागेवर आणि दोरीचा गठ्ठा त्याच्यावर गरागरा फिरतोय. ब्रेड थेट स्पूलच्या धातूवर बांधलीत, बरोबर? शाफ्टवर पुली बसवली आणि चावी घालायची राहिली, तसं झालंय ते. तुम्ही आवळला तो नॉब स्पूलला आवळतो, दोरीला नाही. कितीही पिळला असता तरी काही उपयोग नव्हता. फेकताना हे कळत नाही कारण बेडकाचं वजन ते केवढं. मासा लागल्यावरच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

खात्री करून घ्या. दोरीच्या गठ्ठ्यावर आणि स्पूलच्या काठावर एका रेषेत पेननं खूण करा. ड्रॅग पूर्ण आवळा आणि दोरी फडक्यात धरून ओढा, नुसत्या बोटानं ओढाल तर कापून घ्याल. खुणा एकमेकींपासून सरकल्या की समजा.

उपाय तुमच्या घरातच आहे. वडिलांचा तंगूस. आधी तो स्पूलला बांधायचा, तो धातूवर पकड घेतो. मग त्याला ब्रेड जोडायची, दोन्ही बाजूंनी युनी गाठ, ब्रेडच्या बाजूला वेढे जास्त. तुमची 150 मीटर बारीक दोरी 3000 च्या स्पूलवर काठापर्यंत आली नसणारच, ती खोलगट राहिली की फेकीला अडते. खाली तंगुसाची भर घातली की दोन्ही कामं होतात. किती भर घालायची? उलटं करायचं. स्पूलवर आधी ब्रेड, त्यावर तंगूस, काठाला दीड-दोन मिलिमीटर राहीपर्यंत. मग सगळं उतरवून उलट्या क्रमानं भरायचं. गच्चीवर दोन फेऱ्या माराव्या लागतील. भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन भरा. काठोकाठ मात्र भरू नका, पुन्हा गुंते होतील.

मी 1979 पासून रील वापरतो. पहिलं भावानं मुंबईहून आणलं होतं, त्यावर नायलॉनच होता, दुसरं काही मिळतच नव्हतं. नायलॉन तुटायच्या आधी रबरासारखा लांबतो. त्यामुळं आमचे वेडेवाकडे झटके, ढिल्या गाठी, घट्ट ड्रॅग, सगळं तो पोटात घालायचा. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. मासा नुसता हुंगून गेला तरी हाताला कळतं, हा तिचा गुण. आणि तुम्ही केलेली प्रत्येक चूकही तशीच्या तशी माशापर्यंत पोचवते. पवनाकाठी म्हणतात ते गाठीचं म्हणूनच खरं आहे. स्वस्त रीलचं नाही.

जाता जाता. मरळीच्या मागं आहात ते ठीक, पण कधी लोणावळ्याला वळवणच्या बाजूला गेलात तर खवल्याची, म्हणजे महसीरची आठवण काढा. टाटांचं तिथलं मत्स्यबीज केंद्र गेली कितीतरी वर्षं महसीरची पिल्लं तयार करतंय. तो मासा मूळचा आपलाच. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाला. आज त्या नदीत जलपर्णीच्या गालिच्यावर बगळे चालतात. असो, विषयांतर झालं. खुणा करून कळवा.

शेकाट्या:

मी गळवाला नाही, भिगवणला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांपैकी आहे. एकच विचारायचंय. पहिल्या खेपेला कात्रीनं कापलेला तो गुंता कुठं टाकलात?

विचारायचं कारण, कुंभारगावच्या काठावर मी एका शेकाट्याच्या (लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या) पायात असा गुंता बघितलाय. पाय काडीएवढा, त्यावर दोरी, सांध्याच्या वर सूज. नावाड्यानं आणि मी तासभर प्रयत्न केला, तो हाती लागला नाही. ही दोरी कुजत नाही. तुमची 150 मीटर आहे ना, त्यातले दोन मीटर पुरतात.

धायरीचा टर्नर:

जॅकेटच्या खिशात. तिथून वॉशिंग मशीनमध्ये. मशीन उघडून मीच दोन तास काढत बसलो होतो. काठावर टाकलेला नाही, पण ते दोन बेडूक दोन गळांसकट पाण्यात राहिले हे खरंय, आणि त्यातल्या एकाला मीटरभर दोरीही होती. तुम्ही लिहिल्यापासून ते डोक्यात आहे. मामाला होडीवाल्यांकडं चौकशी करायला सांगितलंय.

कोथरूडची बेडूकवाली:

काकांनी रीलचं निदान बरोबर केलंय, पण फेकताना बेडूक तुटून गेले त्याचं उत्तर त्यात नाही. गठ्ठा सरकल्यानं दोरी तुटत नाही. आणि पवनाकाठींची गाठ हे उत्तर असेलच असं नाही. तुटलेलं टोक ठेवलंय का? गाठ सरकून सुटली असेल तर टोक तुम्ही कात्रीनं कापलं होतं तसंच दिसतं, फार तर पिळलेलं. घासून तुटली असेल तर पिंजलेलं असतं, वातीसारखं.

पिंजलेलं असेल तर रॉडच्या कड्या तपासा. कड्यांच्या आत सिरॅमिकची चकती असते. वाहतुकीत रॉड आपटला की तिला बारीक तडा जातो, डोळ्यांना दिसत नाही. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून गोल फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं तडा. टोकाच्या कडीपासून सुरुवात करा, फेकीचा सगळा जोर तिच्यावर येतो. तंगूस अशा तड्यावर काही दिवस तग धरतो, ब्रेड नाही.

माझा पहिला रॉड असाच निघाला होता. तीन महिने मी स्वतःलाच दोष देत होते आणि वर ग्रुपवरच्या पुरुषमंडळींचे 'ताई, मनगट सैल ठेवा' वगैरे सल्ले ऐकत होते. मनगट सैलच होतं.

आणखी एक. पाणी फुटल्याचा आवाज आला आणि तुम्ही लगेच झटका दिलात ना? मरळ बेडूक आधी दाबते, मग गिळते. बेडकाचे गळ वर तोंड करून अंगाला चिकटलेले असतात, गवतात अडकू नये म्हणून. तिनं अंग चावून दाबल्याशिवाय ते उघडे पडत नाहीत. आवाज आला की रॉडचं टोक पाण्याकडं, मनात 'एक हजार एक, एक हजार दोन', दोरीला वजन जाणवलं की मग पूर्ण ताकदीनं. तिचं तोंड हाडाचं आहे, गोंजारून चालत नाही.

बेडकाच्या आधी दीड हात लांबीचा जाड नायलॉनचा तुकडा, म्हणजे लीडर, मी लावते. तिचे दात दोरीला चरे पाडतात.

इंदापूरकर भोई:

लीडर-बिडर काय नको ताई, गवतात ती गाठच अडकती. सरळ बांधायचं आन दर माशाला हातभर दोरी कापून नवी गाठ मारायची. ज्याची त्याची रीत.

टर्नरभाऊ, तुमचं मामा कुठल्या गावचं ते इचारत न्हाई, पण एक ध्यानात ठेवा. धरणातल्या माशाचा ठेका असतो. काठावर बसायच्या आधी ठेकेदाराला न्हाईतर मच्छीमार संस्थेच्या माणसाला इचारायचं. मामा गावचं हायत म्हणून चालून गेलं असंल. दुसरं, पाण्यावर थर्माकोलचं तुकडं न्हाईतर रिकाम्या बाटल्या वळीनं दिसल्या की तिथं आमची जाळी हायत. तुमची ती दोरी लई बारीक आन लई चिवट. जाळ्यात अडकून वढली की तुमची तुटत न्हाई, जाळं फाटतं. मागल्या साली एका पुणेकरानं आमचं सहा हात जाळं फाडलं आन वर मलाच इचारलं, माझा लुअर (खोटं आमिष) दिसला का.

उन्हाळ्याकडं पाणी मागं सरकलं, पळसदेवाचं देऊळ उघडं पडाय लागलं की काठाला लई गाळ राहतो. वरनं वाळलेला दिसतो, आत मांडीइतका. नवीन माणसानं एकट्यानं उतरू नये.

धायरीचा टर्नर:

सगळ्यांचे आभार. तपशिलात कळवतो, कारण तुम्ही सगळ्यांनी तपशिलात सांगितलंत.

काकांची खूण केली. बोहरी आळीतून स्प्रिंगचा काटा आणला, दोरीला अडकवला, रील व्हाइसमध्ये धरलं, ड्रॅग पूर्ण बंद. दीड किलोला गठ्ठा सरकायला लागला. स्पूल ढिम्म. पेनच्या दोन खुणा एकमेकींपासून दूर जाताना बघून मला हसू आलं आणि लाजही वाटली. वीस वर्षं मशीनवर काम सरकू नये म्हणून चक आवळणारा माणूस मी.

वडिलांच्या रिळावरचाच तंगूस घेतला. तो इतका जुना की कडक झाला होता, पण खाली भर म्हणून चालला. त्यात माझं काय ते समाधान. भरताना बायकोनं ओलं फडकं धरलं, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघं. शेजारच्यांनी विचारलं, पतंग का? आता काट्यावर गठ्ठा सरकत नाही, स्पूल टकटक करत सुटतो. ड्रॅग साडेतीन किलोवर लावलाय, 30 पौंडाच्या साधारण पाव हिशोबानं. खोक्यावरचे 8 किलो कशाला लिहितात देव जाणे, तेवढ्याला रॉडच मोडेल.

बेडूकवाली ताई, टोक ठेवलेलं नव्हतं, पण खिशातला गुंता होता ना. त्याचं टोक दहापट भिंगाखाली धरलं. वात! मग कापसाची काडी. टोकाच्या कडीत पहिल्याच फेरीला कापूस अडकला. भिंगातून तडा दिसला, केसापेक्षा बारीक, कडीच्या खालच्या बाजूला, बरोबर जिथून दोरी घासते तिथं. एखाद्या जॉबला अशी धार राहिली तर इन्स्पेक्शनवाला तोंडावर फेकतो. मेणबत्तीनं कडी हलकी गरम केली, आतला गोंद सुटला, कडी निघाली. मित्राच्या मोडक्या रॉडची कडी बसवली. गाठ पालोमार. बेल हातानं.

परवा तिसऱ्यांदा गेलो. आधी मामाला घेऊन संस्थेच्या माणसाला भेटलो, इंदापूरकर, तुमचं ऐकून. मामाला आवडलं नाही, 'आमच्याच दारात इचारायचं का' म्हणाला, पण आला. माझ्या हरवलेल्या बेडकांपैकी एक त्या माणसाच्या घरी खुंटीवर टांगलेला होता. गवतात सापडला म्हणे. दोरी काढून चुलीत टाकली होती. शेकाट्या, मीटरभराचा हिशोब लागला. दुसरा अजून बाहेर आहे.

चाळीस एक फेकी झाल्या, एकही तुटली नाही. आठच्या पुढं आवाज आला. 'एक हजार दोन' मला म्हणवलं नाही, 'एक हजार'वरच झटका दिला, तरी लागली. टकटक ऐकली. त्या आवाजासाठी मी साडेसात हजार घातलेत असं वाटलं. सव्वा किलो भरली, त्याच काट्यावर. मामानं मासा बघितला नाही, आधी रॉड हातात घेतला, वजन केलं, टोक हलवून बघितलं, परत दिला. पुढच्या रविवारी कधी येतोस एवढंच विचारलं.

आता नवीन दुखणं. पाच-सहा फेकी झाल्या की बेडूक पाणी पितो. गळाच्या भोकातून आत शिरतं, मागून बुडतो आणि गवतावर चालायच्या ऐवजी खाली जातो. सिलिकॉन भरून बंद करावं का? तुम्ही काय करता?

इंदापूरकर भोई:

पिळायचा.